कोपऱ्यातलं प्यादं सगळे पुढे का ढकलतायत?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या पोरांच्या फोनमध्ये चेसचं अ‍ॅप पुन्हा आलं. माझ्याही. दहा मिनिटांचे डाव खेळताना एक गोष्ट लगेच जाणवली. मी कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात नेला रे नेला, की समोरचा एच-पट्टीतलं प्यादं सोडतो: एच४, एच५, कधी थेट एच६. शाळेत सरांनी शिकवलेलं, 'कडेची प्यादी उगाच हलवू नका.' मग हे कुठून आलं?

बऱ्याच अंशी मशीनकडून. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडने अल्फाझीरो दाखवलं. त्याला फक्त नियम सांगितले होते, बाकी ते स्वतःशीच खेळून शिकलं. स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी, हार एकही नाही. 'चार तासांत शिकलं' ही बातमी तेव्हा सगळीकडे फिरली, पण त्या चार तासांसाठी ५,००० खास चिप राबत होत्या हे कोणी फारसं सांगत नाही. स्टॉकफिशला दिलेल्या सेटिंगवरही टीका झाली होती, आणि ती रास्त होती.

तरी डाव बघण्यासारखे होते. स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी स्थिती तपासत होतं, अल्फाझीरो जेमतेम ८० हजार. पण ते एच-प्यादं रेटत एच६ वर नेऊन बसवायचं. समजा काळ्याचा राजा जी८ वर आहे, प्यादी जी६ आणि एच७ वर. आता एच६ वरचं पांढरं प्यादं जी७ घर अडवतं, एच७ वर त्याचंच प्यादं. राजाची हवाच बंद! मात लगेच होत नाही, पण पुढचे तीस चालींचे डाव काळ्याला शेवटच्या रांगेची भीती बाळगतच खेळावे लागतात. त्या काळच्या इंजिनांत माणसांनी हाताने लिहिलेले गुणांचे नियम असायचे, आणि असा लांबचा त्रास त्यांना नीट मोजता येत नव्हता.

प्यादी पुढे टाकून हल्ला करणं मुळात नवीन नाही. सिसिलियन ड्रॅगनमध्ये पांढरा वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो, काळा राजाच्या बाजूला, आणि मग दोघांची शर्यत लागते. काळ्याचं प्यादं जी६ वर असलं की एच५ ला पकडायला हूक मिळतो: प्याद्याने प्यादं मारलं की एच१ वरच्या हत्तीसाठी आख्खी पट्टी उघडी. एका स्वस्त प्याद्याच्या बदल्यात हत्ती कामाला लागतो, सौदा चांगलाच.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये छोटं न्यूरल नेटवर्क आलं. ते साध्या प्रोसेसरवर चालतं, ग्राफिक्स कार्ड लागत नाही, म्हणून आपल्या फोनवरही पळतं. २०२४ च्या १६.१ आवृत्तीत हाताने लिहिलेलं मूल्यमापन पूर्णच काढून टाकलं. आता डावानंतर तुम्ही अ‍ॅनालिसिस उघडता तेव्हा हेच इंजिन एच४ सुचवतं.

आणि इथेच मी फसलो. इंजिनने एका डावात एच४ दाखवलं, तेव्हा माझा राजा अजून मध्येच होता आणि मधली प्यादी एकमेकांत अडकलेली होती. मी फक्त चाल लक्षात ठेवली. पुढच्या डावात राजाच्या बाजूला कॅसलिंग करून एच४, जी४ खेळलो. समोरच्याने शांतपणे डी५ केलं, मधला भाग उघडला, आणि बी७ वरच्या उंटाला माझ्या राजापर्यंत सरळ रस्ता मिळाला. प्यादी मागे येत नाहीत, त्यामुळे झाकायला काही उरलं नव्हतं. एकवीस चालींत खेळ खलास.

बार +०.६ दाखवतो, पण 'मध्य बंद आहे म्हणून' हे तो लिहीत नाही. ते आपणच शोधायचं. मी आता अ‍ॅपमध्ये एकाऐवजी तीन ओळी सुरू ठेवतो, आणि एच४ वर आलं की समोरच्याचं डी५ स्वतः खेळून बघतो. बार खाली घसरला, की ते प्यादं आहे तिथेच राहतं.