पॅकिंग की ट्यूब? गॅरेजवाल्यांनी थोडा विचार करावा

गॅरेज लाइनमध्ये गेल्या काही वर्षांत एक सवय चांगलीच रुजली आहे. इंजिनाचा कोणताही सांधा उघडला की जुने पॅकिंग खरडून फेकायचे, नवे मागवायचे नाही, सिलिकॉनची ट्यूब पिळायची आणि बोल्ट आवळून गाडी मोकळी करायची. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर जा, पुण्याच्या नाना पेठेत जा किंवा एखाद्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडमागील पत्र्याच्या शेडमध्ये जा, ती ट्यूब फळीवर दिसणारच. कोणत्याही वनस्पती तुपाला जसे आपण ‘डालडा’ म्हणतो, तसे अनेक मिस्त्री कोणत्याही कंपनीच्या ट्यूबला ‘अ‍ॅनाबाँड’ म्हणून मोकळे होतात.

या धंद्यावर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते, म्हणून आम्ही हा विषय येथे घेत आहोत. ट्यूबशी आमचे वैर नाही. योग्य जागी ती पॅकिंगपेक्षाही सरस ठरते. परंतु ती स्वस्त आणि झटपट आहे म्हणून सर्रास वापरली जाते, आणि यातील ‘झटपट’ हा शब्द तर साफ चुकीचा आहे.

प्रथम पॅकिंगचे काम समजून घेऊ. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी त्यांवर हत्यारांच्या रेघा व खाचा असतात. पॅकिंग दाबले जाऊन त्या भरते, एवढे सर्वांना माहीत आहे. मात्र पॅकिंगला जाडी असते आणि कारखान्याने ती जाडी हिशेबात धरलेली असते, ही गोष्ट विसरली जाते. काही इंजिनांत ऑइल पंपाच्या झाकणाखाली कागदासारखे पातळ पॅकिंग असते. त्याच्या जाडीवर आतील गिअरची मोकळीक ठरते. तेथे नुसती ट्यूब लावली तर मोकळीक संपून गिअर झाकणाला घासू लागतील. टू-स्ट्रोक गाडीच्या सिलिंडरखालचे पॅकिंग बदलून जाडपातळ घातले तर पोर्ट उघडण्याची वेळच बदलते. जुने उस्ताद पॅकिंगची शीट सांध्यावर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत आणि बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून भोक पाडत. पण शीट निवडताना ते आधी जुन्या पॅकिंगचा तुकडा बोटांत धरून तिची जाडी पाहत. ती नजर आता कमी झाली आहे, याचे आम्हाला वाईट वाटते.

हेड पॅकिंगच्या बाबतीत तर चर्चेलाच जागा नाही. तेथे ज्वलनाचा दाब असतो. डिझेल इंजिनात तो हवेच्या दाबाच्या शंभरपटीहूनही अधिक जातो. शिवाय जळत्या वायूची आच, बाजूला पाणी आणि तेलाचे मार्ग. साधारण अडीचशे अंशांपर्यंत तग धरणारे सिलिकॉन येथे काय टिकणार? कित्येक डिझेल इंजिनांसाठी हेड पॅकिंग दोन-तीन जाडीत मिळते आणि कडेच्या खाचा किंवा भोके मोजून ते ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून त्यातील एक निवडायचे असते. अनेक थरांच्या पोलादी पॅकिंगला ‘जास्त खात्री’ म्हणून वरून ट्यूब फासणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. कंपनीने सांगितले नसेल तर तसे करू नये. हेड वाकले असेल तर त्याला फेसिंग हवे. ट्यूबने वाक सरळ होत नाही.

आता ट्यूबची बाजू. नव्या धर्तीच्या अनेक अ‍ॅल्युमिनियम इंजिनांत ऑइल चेंबर आणि टायमिंग कव्हर कारखान्यातूनच द्रव सीलंट लावून येतात. तेथे मूळचे पॅकिंग नसतेच. अशा जागी घरी कापलेले कागदी पॅकिंग घालणे ही उलट बाजूची चूक आहे, कारण त्यामुळे कव्हर ठरलेल्या जागेपासून सरकते. काही ठिकाणी दोन्ही लागतात. ब्लॉक, टायमिंग कव्हर आणि चेंबर असे तीन भाग जेथे एका कोपऱ्यात भेटतात, तेथे पॅकिंग असले तरी थेंबभर सीलंट द्यावे लागते. टॅपेट कव्हरच्या रबरी पॅकिंगला मात्र सगळीकडे ट्यूब चोपडू नये. ओल्या सिलिकॉनवर रबर घसरते आणि आवळताना बाहेर येते.

ट्यूब-ट्यूबमध्येही फरक आहे. दोन घट्ट, मशिन केलेल्या पृष्ठभागांसाठी वेगळे सीलंट मिळते. ते हवेत ओले राहते आणि धातूंच्या मध्ये हवा तुटली की घट्ट होते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली अशा रसायनाचा धंदा उभा केला, तोच पुढे ‘लॉकटाइट’ झाला. सिलिकॉनचे याच्या उलट आहे, ते हवेतील ओलाव्याने सुकते. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा उग्र वास येतो ते सुकताना आम्ल सोडते, ते इंजिनाला वापरू नये. पेट्रोलच्या संपर्कात सिलिकॉन फुगते, म्हणून कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंपाच्या सांध्याला ते चालत नाही.

आमच्या परिचयाच्या एका गॅरेजात घडलेली गोष्ट सांगतो. एका डिझेल जीपच्या चेंबरमधून तेल झिरपत होते. पोऱ्याने चेंबर उतरवले, बोटभर जाड ट्यूब पिळली आणि तासाभरात तेल भरून गाडी दिली. जितके सिलिकॉन बाहेर फुगून आले तितकेच आतही आले होते. पंधरा दिवसांनी जीप दोरीने ओढत परत आली. चेंबर उघडले तेव्हा ऑइल पंपाची जाळी सिलिकॉनच्या लोंब्यांनी गच्च बुजलेली होती, तेल वर चढलेच नव्हते, बेअरिंगे गेली होती आणि क्रँकवर ओरखडे होते. गाडीमालक भला होता, अर्ध्या खर्चावर मिटले. तरी उरलेला अर्धा खर्च मिस्त्रीच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. सीलंटची रेघ दोन-तीन मिलिमीटरची, तुटक न होता, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवली असती आणि ती वाळू दिली असती तर यातले काही घडले नसते.

खरा प्रश्न वाळण्याचाच आहे. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, म्हणून ते वाळले असे वाटते. आतून पुरते सुकायला साधारण चोवीस तास लागतात. कोरड्या, थंड हवेत त्याहूनही जास्त. पॅकिंग घातलेली गाडी मात्र त्याच संध्याकाळी रस्त्यावर जाऊ शकते. म्हणजे लावायला सोपी ती ट्यूब, आणि गाडी अडकवून ठेवते तीही ट्यूबच. रिक्षावाला किंवा टॅक्सीवाला दारात उभा राहून “आज धंदा बुडाला तर हप्ता कुठून भरू?” असे विचारतो तेव्हा मिस्त्रीचा हात वाहतो, हे आम्हाला कळते. त्या माणसाचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच आमचे मत असे की, रोज चालणाऱ्या गाडीला जेथे कंपनीचे पॅकिंग मिळते तेथे पॅकिंगच घालावे, आणि जेथे ट्यूबच लागते तेथे गाडी संध्याकाळी घ्यावी, रात्रभर ठेवावी व हे गिऱ्हाइकाला काम सुरू करण्यापूर्वीच सांगावे. काम उघडल्यावर सांगितले की भांडण होते.

पॅकिंगच्या बाजारातही सारे आलबेल आहे असे नाही. नकली खोक्यातील पॅकिंगची भोके बोल्टशी जुळत नाहीत, आणि अशा मालाला कंटाळूनच अनेकजण ट्यूबकडे वळले. नाना पेठेतला ओळखीचा दुकानदार येथे उपयोगी पडतो. पॅकिंग बसवण्यापूर्वी सांध्यावर कोरडे ठेवून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

एक गोष्ट पोऱ्यांच्या जिवाची आहे. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने उडवले तर त्याची धूळ छातीत जाते, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुने पॅकिंग ओले करून हातपट्टीने खरडावे आणि फुंकर किंवा कंप्रेसरची हवा मारू नये. ग्राइंडरचा कण अ‍ॅल्युमिनियमचा सांधा खातो आणि तेलात पडून बेअरिंगही खातो, ते वेगळेच.

बिलावर ‘पॅकिंग नवे’ की ‘सीलंट लावले’ हे स्पष्ट लिहावे, अशी आमची गॅरेजमालकांना सूचना आहे. पुढच्या वेळी सांधा उघडणाऱ्याला, मग तो दुसऱ्या गॅरेजचा का असेना, त्याचा उपयोग होतो. आणि ट्यूब घेताना तिच्यावरील मुदत पाहावी. महिनोन्‌महिने उघडी पडलेली, तोंडाशी घट्ट झालेली ट्यूब खिळा खुपसून पुन्हा चालू करण्याची पद्धत आम्ही कित्येक गॅरेजांत पाहिली आहे. तसली ट्यूब सांध्याला लावू नये.