कावीळ उतरली का?

अकरा आठवड्यांनी, सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं आणि रिसेप्शनवरच पहिला बाउन्सर आला, ‘‘काय रे, कावीळ उतरली का?’’

उतरली. म्हणजे, झालीच नव्हती. झालं होतं डिप्रेशन, चांगलं नऊ दिवस अॅडमिट होण्याइतकं. पण रजेच्या मेलमध्ये तो शब्द टाइप करवेना. कावीळ कशी सोयीची... लांबते, अशक्तपणा येतो आणि लोक उसाचा रस प्यायला सांगतात. शेजारच्या क्युबिकलमधल्या मॅडमनी तर डब्यातून बिनतेलाची भाजी आणली. खाल्ली मी. काय करणार!

लंचनंतर डिस्पॅचमधला पोरगा भेटला. गेल्या वर्षी तोही पाच महिने गायब होता. ‘‘दादा, मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत.’’ चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं त्याने. पगार कमी म्हणून तो ईएसआयमध्ये येतो (२०१७ मध्ये ही मर्यादा महिना २१,००० रुपये झाली). तिथे साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, ९१ दिवस. पण स्किझोफ्रेनिया आणि डिप्रेशनचा एक प्रकार दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. नोकरीला दोन वर्षं झालेली असली आणि हप्ते नीट भरलेले असले की ८० टक्के मिळतात, तेही दोन वर्षांपर्यंत. याने खरा कागद दिला नि पैसे घेतले. आईची भिशीसुद्धा चुकली नाही म्हणे.

आणि आम्ही? पगार मर्यादेच्या वर, त्यामुळे ईएसआय नाही, ग्रुप मेडिक्लेम. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मनाच्या आजाराला विमा शरीराच्या आजारासारखाच मिळायला हवा. पण क्लेमच्या फॉर्मवर निदान लिहावं लागतं आणि आमच्याकडे फॉर्म जातो एचआरमार्फत. म्हणून मी एफडी मोडून हॉस्पिटलचं बिल भरलं. वर दीड महिना बिनपगारी. एवढी महाग कावीळ कुणाला झाली नसेल, बॉस!

‘‘लोक काही बोलले नाहीत तुला?’’ मी विचारलं.

‘‘बोलले ना. महिनाभर डबा खायला कुणी शेजारी बसत नव्हतं. मग बसायला लागले.’’

हा महिना त्याने पटकन सांगून टाकला. मला तो जास्त लांब वाटला.

संध्याकाळी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. उशीर झालाय, त्याचं कारण वेगळ्या कागदावर द्यावं लागणार. नाव, एम्प्लॉयी नंबर, अॅडमिट झाल्याची तारीख भरून झाली. निदानाच्या रकान्यापाशी पेन थांबलंय आणि मॅडम माझ्याच दिशेने येतायत. हातात उसाच्या रसाची बाटली आहे.