आपापला डबा

मागच्या दिवाळीत आम्ही नऊजण मुंबईहून सोलापूरला गेलो. गाडी गारेगार, खुर्च्या मऊ. वाटेत प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक बंद ट्रे आला. नऊ ट्रे, नऊ मोबाइल. मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. डबा उघडला तर चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, वास सुटेल. घरी गेल्यावर खाऊ." (तो हे वाचतो, म्हणूनच लिहितोय. वाच रे बाबा.) उतरल्यावर नातीला विचारलं, "काय खाल्लंस गं?" तिला आठवेना. खरं सांगतो, मलाही आठवेना!

लगेच कुणीतरी म्हणणार, पूर्वीच्या जेवणाची चवच वेगळी होती. साफ खोटं. चवीनं काही लक्षात राहत नाही.

जून १९७६. लग्नाला महिना झालेला. मिरजेहून पंढरपूरला बार्शी लाईटनं निघालो होतो. आता तिथं ब्रॉडगेज आहे, तेव्हा अडीच फुटी रूळ आणि त्यावर काडेपेटीसारखे डबे. समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचा. ढालगावच्या पुढं गाडी जी थांबली ती थांबलीच. आईनं दिलेली पुऱ्यांची पिशवी मी मिरजेच्या बाकावर विसरलो होतो. (हे मला पुढं चाळीस वर्षं ऐकावं लागलं.) समोरच्या म्हातारीनं फडकं सोडलं. भाकरी, खरडा, कांदा. अर्धी भाकरी मोडून पुढं केली आणि मग हात तसाच धरून विचारलं, "आमच्यातलं चालंल न्हवं तुमास्नी?"

मी बी.ए. झालेला, वर्गात नागरिकशास्त्र शिकवणारा, समतेचा धडा फळ्यावर लिहून देणारा. मी म्हणालो, "नको आजी, भूक नाही." पोटात कावळे ओरडत होते. हिनं मात्र सरळ हात पुढं केला, "द्या आजी" म्हणाली आणि त्यातला निम्मा तुकडा माझ्या हातावर ठेवला. भाकरी वाळलेली, खरड्यानं डोळ्यांत पाणी. ते पाणी नुसतं खरड्याचं होतं, असं मी त्या दिवशी तिला सांगितलं.

ज्या पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं, जिथली आषाढी गोपाळपूरच्या काल्यानं पुरी होते, वारकरी एकमेकांना घास भरवतात, त्या गावाच्या वाटेवर एका म्हातारीला भाकरी देताना परवानगी मागावी लागत होती. आणि ती मागायची पाळी माझ्यासारख्यांनी तिच्यावर आणली होती.

म्हणून हे 'आपापलं खावं' प्रकरण मला नवं वाटतच नाही. तेव्हा त्याला सोवळं म्हणायचे, आता हायजीन म्हणतात. अनोळखी माणसाकडून काही खाऊ नका, असं रेल्वे सांगते ते बरोबरच आहे. गुंगीचं औषध घालून लुटणारे असतात, नाही कोण म्हणतो? पण शेजारच्या खुर्चीतली सख्खी आत्या अनोळखी आहे का? तिच्या ट्रेमधला गुलाबजाम तुला नको असतो आणि तुझं लोणचं तिला द्यावंसं तुला वाटत नाही, यात रेल्वेचा काय संबंध?

ही जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याबरोबर केलेल्या प्रवासांतलं ताजमहालाचं संगमरवर मला धूसर आठवतं. तो निम्मा तुकडा मात्र तळहातावर आहे.

असो. येत्या मे महिन्यात सगळे कोल्हापूरला जायचं ठरतंय. ट्रे मागवायचे नाहीत, असं मी जाहीर करून टाकलं. सूनबाई शांतपणे म्हणाली, "चालेल. पण पहाटे चारला उठून नऊजणांच्या भाकऱ्या कोण करणार, बाबा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्या जुन्या डब्यांचं कौतुक आम्ही पुरुषच जास्त करतो, हेही खरं. तेव्हा मी परवापासून थापायला शिकतोय. पहिल्या चार परातीतून उचलतानाच मोडल्या. पाचवी तव्यापर्यंत पोचली.