विश्लेषण : मुंबई एवढी मोठी का? थोडे उत्तर मंत्रालयातही आहे

चिचगडहून छत्तीसगडची सीमा जवळ, मुंबई मात्र हजार किलोमीटरच्या घरात. तरीही देवरी तालुक्यातल्या या गावाच्या मोठ्या कामाची फाइल शेवटी मंत्रालयातच जाते. फाइल जिकडे जाते तिकडे कंत्राटदार जातात, वकील जातात, कंपन्यांची मुख्यालये जातात आणि त्यांच्यामागे शिकलेली पोरेही. मुंबई बंदर आणि गिरण्यांनी वाढवली हे खरेच. पण ती सह्यांनीही वाढवली.

अभ्यास काय सांगतो?

अल्बर्टो एड्स आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ८५ देशांचा अभ्यास मांडला. सत्ता एकवटलेल्या, विशेषतः हुकूमशाही देशांत सर्वांत मोठे शहर जास्त फुगते, असे त्यांना आढळले. थायलंडमध्ये प्रांतांचे गव्हर्नर बँकॉकमधून नेमले जातात. बँकॉकच्या जवळपास जाईल असे दुसरे शहर त्या देशात नाही.

भारतात तसे झाले नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती, म्हणजे देशाच्या जेमतेम एक टक्का. राज्यांना स्वतःची विधानसभा, अर्थसंकल्प आणि राजधानी आहे, हे त्याचे एक मोठे कारण. महाराष्ट्रापुरते पाहिले तर मात्र हाच वाटा ११ टक्के होतो. नागपूर तेव्हा २४ लाखांचे होते.

नागपूरचे काय झाले?

नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपद गेले. त्याआधी, १९५३ च्या नागपूर करारात वर्षाला एक अधिवेशन आणि लोकसंख्येच्या प्रमाणात निधी व नोकऱ्या देण्याचे ठरले होते. अधिवेशन होते. सरकार हिवाळ्यात काही दिवस नागपुरात येते आणि फाइली घेऊन परत जाते. अनुशेषावर लक्ष ठेवण्यासाठी कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ विकास मंडळ आले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली; पुनर्गठनाचा निर्णय घ्यायला राज्य मंत्रिमंडळाला सप्टेंबर २०२२ उजाडले. एवढी घाई!

शेजारी छत्तीसगडने २००० मध्ये रायपूरला राजधानी केले, पण उच्च न्यायालय बिलासपूरला दिले.

आपल्याकडेही सत्ता जवळ आली की फरक पडतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधी चिचगडकरांना जिल्ह्याच्या कामासाठी भंडारा गाठावे लागे. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

म्हणूनच वेगळ्या विदर्भाच्या मागणीला एक प्रश्न विचारायला हवा. राजधानी नागपूरला आली तर फाइलचा प्रवास कमी होईल, पण ती देवरीत निकाली निघेल का? घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. ते विषय माणसे आणि पैशांसह खाली आले नाहीत, तर चिचगडसाठी नागपूर हीच दुसरी मुंबई होईल.