ताऱ्याचा पगमार्क



जानेवारीतल्या एका रात्री मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत आकाश दाखवायला गेलो होतो. अंगणातला दिवा मालवला आणि आकाश जणू खाली उतरून आलं. मी व्याधाचा तारा दाखवला आणि सवयीनं सांगून टाकलं, "हा आपल्या सूर्याच्या जवळजवळ पावणेदोन पट रुंद आहे."

मागून आवाज आला, "सर, तिथं कोनी टेप घेऊन गेल्ता का जी?"

सगळे हसले, मीही हसलो. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील वनरक्षक. म्हणाला, "माहे बाबा वाघ न पाहता त्याची माहिती सांगते. पन पगमार्क पाहून सांगते. तुमच्या ताऱ्याचा पगमार्क कुठी हाय?"

प्रश्न बिनतोड होता. "पुस्तकात दिलंय," असं म्हणून मी वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत त्याची लाज वाटत राहिली. म्हणून आजचं सदर त्या मुलासाठी. तुम्हीही वाचा.

व्याध मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो. किती बारीक? समजा, मुंबईत कोणी रुपयाचं नाणं हातात धरलंय आणि तुम्ही ते गडचिरोलीहून पाहताय. मधलं अंतर सरळ रेषेत साधारण साडेसातशे किलोमीटर. आकाशात व्याधाची रुंदी तेवढीच भरते!

पण ठिपकासुद्धा आपलं माप नकळत सांगत असतो. त्या रात्री गुरूही वर आला होता. व्याध लुकलुकत होता, गुरू मात्र शांत. असं का? हवा हलते, त्यामुळे प्रकाश कमीजास्त होतो. गुरूची तबकडी व्याधापेक्षा कितीतरी मोठी. तिच्या एका काठाकडून येणारा प्रकाश घटला तर दुसऱ्या काठाकडून येणारा वाढतो, गोळाबेरीज जवळपास तीच. व्याधाच्या ठिपक्यात अशी वाटणी व्हायला जागाच नाही. म्हणजे प्रकाशाच्या चढउतारात उगमाचं माप दडलेलं असतं.

ही खूण पकडली रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांनी. त्यांचा जन्म १९१६ सालचा, आणि तोही आपल्या निलगिरीतल्या अरुवनकाडूचा. वडील तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात होते. (भद्रावतीच्या आयुध निर्माणी वसाहतीतल्या मुलांनो, ऐकताय ना?) ब्राउन आणि रिचर्ड ट्विस यांनी इंग्लंडमध्ये जोड्रेल बँक इथं सर्चलाइटचे दोन आरसे व्याधावर रोखले आणि दोन्हींवर पडणाऱ्या प्रकाशातले अतिशय जलद चढउतार ताडून पाहिले. हे चढउतार हवेमुळे होत नाहीत, ते प्रकाशातच असतात. आरसे जवळ असले की दोन्हीकडचे चढउतार थोडेसे जुळत, दूर नेले की जुळणी ओसरत जाई. किती अंतरावर ओसरली, यावरून १९५६ साली व्याधाचं माप निघालं. "हे शक्यच नाही," असं तेव्हा काही नामवंत शास्त्रज्ञही म्हणाले होते!

तर हा ताऱ्याचा पगमार्क. पण मला जास्त नवल वाटतं ते वेगळंच. याच युक्तीनं जगातली अगदी इवलीशी जागासुद्धा मोजता येते.

दोन अणुगर्भ प्रचंड वेगानं एकमेकांवर आपटले की नवे कण उसळून बाहेर पडतात. त्यांत मोठा भरणा पायॉन नावाच्या कणांचा. हे पायॉन ज्या जागेतून निघाले ती जागा केवढी? तिथं टेप नेणं सोडाच, आपण बघेपर्यंत ती जागा उरतसुद्धा नाही.

इथं मदतीला येतात आपले सत्येंद्रनाथ बोस. १९२४ साली ढाक्याला शिकवत असताना त्यांनी हुबेहूब सारखे कण मोजायची नवी रीत मांडली. ती समजायला दोन चिंचोके घ्या. एक लाल रंगवा, एक पांढरा. दोन खिशांत ते ठेवायचे प्रकार किती? दोन्ही डाव्या खिशात, दोन्ही उजव्या, लाल डाव्या अन् पांढरा उजव्या, आणि त्याच्या उलट. प्रकार चार, त्यांतल्या दोनांत जोडी एकत्र. आता समजा, चिंचोके इतके सारखे आहेत की 'यातला कोणता कुठला' हे विचारण्यालाच अर्थ नाही. (चिंचोके तसे कधी नसतात, पायॉन असतात.) मग प्रकार तीनच उरतात, आणि तीनांतल्या दोनांत जोडी एकत्र! कोणी कोणाला ओढलं नाही, तरी एकत्र असण्याची शक्यता अर्ध्यावरून दोन तृतीयांशावर गेली.

हा घोळका प्रत्यक्ष दिसला अमेरिकेत, बर्कलीला. गर्सन आणि सुलामिथ गोल्डहाबर हे पती-पत्नी आणि त्यांचे सहकारी प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरीत भलताच कण शोधत होते. तो काही हाती लागला नाही. पण सारख्या विद्युतभाराचे पायॉन अपेक्षेपेक्षा जास्त वेळा जवळजवळच्या दिशांनी जाताना दिसले. त्यामागचं कारण १९६० साली त्यांनी, वोनयोंग ली आणि अब्राहम पैस यांनी मिळून सांगितलं. ते कारण म्हणजे बोस यांची मोजणी. पगमार्क सापडला होता!

घोळका किती घट्ट आहे यावरून उगमाचं माप निघतं, पण उलटं. उगम लहान तर घोळका सैल, उगम मोठा तर घट्ट. हे पचायला जड जातं, मलाही गेलं. म्हणून एक करा. रात्री उघडलेल्या छत्रीच्या कापडातून दूरच्या रस्त्यावरचा दिवा पाहा. (सूर्याकडे मात्र कधीही नाही!) दिव्याभोवती ठिपक्यांची जाळी दिसेल. मग छत्रीऐवजी मोठ्या विणीचं पातळ कापड धरा. वीण जितकी बारीक, तितके ठिपके दूरदूर. बारीक फटीतून गेलेली लहर जास्त पसरते, आणि कणांनाही लहरींचा स्वभाव असतोच.

हिशेब भागाकाराचा आहे. दोन पायॉनांच्या संवेगात किती फरक पडेपर्यंत घोळका टिकतो, ते दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात पाहायचं आणि त्यानं २०० ला भागायचं (काटेकोरपणे १९७ ला). उत्तर येतं फर्मीत. फरक २०० चा असेल तर उगम १ फर्मीचा, ३३ चा असेल तर ६ फर्मीचा. एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.

नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आपटले. 'ॲलिस' या प्रयोगानं पायॉनांच्या जोड्या मोजल्या. (पवईच्या आपल्या आयआयटीतले शास्त्रज्ञही ॲलिसमध्ये काम करतात.) उगम निघाला साधारण सहा-सात फर्मीचा. अमेरिकेत ब्रुकहेवन इथं सोन्याच्या टकरीत जेवढं घनफळ मोजलं गेलं होतं, त्याच्या दुप्पट. कण सुटे होईपर्यंतचा वेळही याच मोजणीतून कळला: प्रकाशाला १० फर्मी ओलांडायला जेवढा लागतो, त्याहून थोडा जास्त.

आता तो मुलगा विचारेल, "म्हंजे पूर्न जागा मोजली का जी?" खरं सांगायचं तर नाही. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागला की तुमच्या अंगणात ठिणग्या येतात त्या वणव्याच्या एका भागातून, सगळ्या वणव्यातून नव्हे. इथंही आतला गोळा भराभर फुगत असतो, आणि एका दिशेला सारख्या वेगानं निघालेले पायॉन येतात ते त्याच्या एका भागातूनच. सहा-सात फर्मी हे माप त्या भागाचं. अख्खा गोळा त्याहून मोठा असणार.

हे सगळं त्याला पत्रानं कळवलं आहे. पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचं ठरलंय, आणि या वेळी सोबत छत्री नेणार आहे. कडाक्याच्या थंडीत छत्री पाहून मुलं पुन्हा हसतील, हसू देत.