नायक मोठा झाला, आणि तुम्ही?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना व्हिडिओ गेमचा छंद असेल. कोणी मोटारींची शर्यत खेळत असेल, कोणी क्रिकेट. पण काही खेळ याहून निराळे असतात. त्यांत खेळणारा एखादे सोंग घेतो. तो योद्धा होतो, जादूगार होतो किंवा तिरंदाज होतो आणि एका अनोळखी राज्यात प्रवासाला निघतो. वाटेत गावे लागतात, दुकाने लागतात, राक्षस आडवे येतात. सुरुवातीला हा नायक अगदी दुबळा असतो. एखाद्या लहानशा प्राण्याशी लढतानाही त्याची दमछाक होते. हळूहळू त्याला अनुभवाचे गुण मिळतात, त्याची पातळी वाढते. शेवटी, ज्याच्या नावाने सारे राज्य थरथर कापते, त्या शत्रूसमोर तो उभा राहतो.

असा एक खेळ पुरा करायला चाळीस-पन्नास तास सहज लागतात. एक संपला की दुसरा सुरू होतो, दुसऱ्यानंतर तिसरा. घरची माणसे म्हणतात, "वेळ फुकट चालला आहे." खेळणारा म्हणतो, "मी किती पुढे गेलो आहे, ते तर पाहा!" या दोघांत खरे कोणाचे? माझ्या मते ते एका प्रश्नावरून ठरते. पडद्यावरचा नायक मोठा झाला, तेव्हा खेळणाराही थोडा मोठा झाला का?

आधी हे खेळ कोठून आले, ते पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याला यंत्र लागत नव्हते. चार मित्र टेबलाभोवती बसत. एकजण गोष्ट सांगे, बाकीचे आपापले सोंग वठवत. तलवारीचा वार लागला की चुकला, हे फासे ठरवत. पुढे संगणक आला आणि गोष्ट सांगण्याचे काम त्याच्याकडे गेले. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ साली 'फायनल फँटसी' हे खेळ निघाले. १९९६ साली 'पोकेमॉन' आला. त्याचे निर्माते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. रानावनात चित्रविचित्र प्राणी शोधत फिरण्याचा हा खेळ त्यांना त्या नादातूनच सुचला.

या खेळांची नावे परदेशी असली, तरी त्यांतली गंमत आपल्याला परकी नाही. तुम्ही उर्दू वाचणारे आहात. अमीर हमजाच्या दास्तानी तुमच्या कानांवरून गेल्या असतील. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही त्यांतलीच प्रचंड दास्तान. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ सालापासून तिचे खंड बाहेर पडू लागले. तिच्यातला अमर अय्यार आठवा. त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी असते. तिच्यात कितीही माल भरा, ती भरतच नाही. आजच्या खेळांतही नायकाच्या पाठीवर अशीच एक पोतडी असते. तलवारी, औषधे, किल्ल्या, नकाशे, सारे काही तिच्यात मावते. तिलिस्मात शिरणे, त्याचे रहस्य शोधणे आणि शेवटी ते तोडणे, ही दास्तानीची वाट या खेळांचीही वाट आहे.

आता कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात चला. येथील सावंतवाडीचा गंजिफा प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. १५२७ साली बाबराने सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवला, अशी नोंद 'बाबरनाम्या'त सापडते. मोगली गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पाने असतात. ताज, शमशीर, गुलाम, चंग अशी त्या रंगांची नावे आहेत. त्यांचा अर्थ तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही! हाच खेळ येथे दशावताराच्या रूपातही रमला. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व दहा साधी पाने, अशी एकूण १२० पाने. कोणावर मासा, कोणावर कासव, कोणावर परशू. ही कला बुडू लागली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला आसरा दिला आणि पुन्हा उभे केले.

गंजिफा खेळताना कोणती पाने खेळून झाली आणि कोणती अजून बाकी आहेत, हे लक्षात ठेवावे लागते. पत्त्यातल्या राजाची ताकद आज जेवढी आहे, तेवढीच उद्याच्या डावातही राहते. शंभर डाव खेळलात, तरी तो राजा मोठा होत नाही. वाढते ती खेळणाऱ्याची स्मरणशक्ती.

दुसरे उदाहरण याच मातीतले आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या भागांत दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावताराचे प्रयोग रंगतात. या नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आजची कथा कोणती आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे, एवढे आधी ठरते. बाकीचे सारे रंगमंचावर. समोरचा नट काय बोलेल, हे ठाऊक नसते, तरी त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर राजा गरजतो, राक्षस डोळे वटारतो, संकासुर मालवणी बोलीत लोकांना पोट धरून हसवतो. पहाट झाली की मुकुट उतरतो. "रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा," असे या नटांविषयी म्हटले जाते, कारण त्यांतले कितीतरी जण दिवसा शेतात किंवा मजुरीवर राबत आले. मुकुट पेटाऱ्यात जातो हे खरे. पण रात्रभर कमावलेली हजरजबाबी, पाठ झालेल्या कथा, चार लोकांसमोर उभे राहण्याची हिंमत, हे सारे त्याच्याबरोबर घरी जाते. ते पेटाऱ्यात बंद होत नाही.

व्हिडिओ गेमची अडचण नेमकी येथे आहे. नायकाने मिळवलेले सारे यंत्रात साठते. यंत्र बंद केले की तलवारही तिथेच आणि पातळीही तिथेच. मग खेळणाऱ्याच्या पदरात काय पडते? ते त्याच्या खेळण्यावर अवलंबून असते.

मालवणच्या एका मुलाची कल्पना करा. पहिल्या खेळात त्याचे सारे लक्ष आकड्यांवर असते. एकाच रानात तो तोच प्राणी शंभरदा मारतो, कारण त्याचे गुण मिळतात. वाटेत भेटलेली माणसे काहीतरी सांगत असतात. ते न वाचताच तो बटण दाबून पुढे जातो. नायकाची पातळी एकापासून पन्नासापर्यंत चढते. मुलगा मात्र होता तिथेच असतो.

दुसऱ्या खेळात रान तुडवून भागत नाही. वाट चुकते, पैसे संपतात, शत्रू पुन्हा पुन्हा हरवतो. मग तो थांबून वाचू लागतो. वहीत नकाशा काढतो. इंग्रजी शब्द अडला, तर शब्दकोश उघडतो. हातात शंभर मोहरा आहेत, तर तलवार घ्यावी की औषध, याचा विचार करतो. हरल्यावर चिडण्याऐवजी आपण का हरलो, हे शोधतो. तिसऱ्या-चौथ्या खेळापर्यंत त्याला पारख येते. या खेळाची गोष्ट चांगली, पण लढाया कंटाळवाण्या. त्या खेळात माणसे खरी वाटतात, असे तो कारणांसह सांगू शकतो. आता मुलगाही चढू लागला आहे. म्हणून सरसकट सर्व खेळांना नावे ठेवणे मला पटत नाही.

काही निर्मात्यांनी तर खेळाचे मोजमापच बदलून पाहिले. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा'चा चौथा भाग आला. त्याच्या नावातच 'अवतार' हा आपला शब्द आहे. त्यात शेवटी मारायचा कोणी मोठा राक्षस नाही. सचोटी, दया, शौर्य, न्याय, त्याग, मान, आत्मिकता आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून नायकाला 'अवतार' व्हायचे असते. त्या खेळात एक आंधळी दुकानदारीण आहे. मालाचे पैसे आपणच मोजून द्यायचे असतात. कमी दिले, तर तिला दिसत नाही. पण खेळ ते विसरत नाही. सचोटीत तुम्ही मागे पडता. तो खेळ खेळताना माणसाला स्वतःकडे पाहावे लागते.

पण सगळे निर्माते असे नसतात. काही खेळांत बंद पेटी विकत घ्यायची असते. आत मौल्यवान शस्त्र निघेल की क्षुल्लक वस्तू, हे नशिबावर. पैसे मात्र खरेच जातात. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले. ती यादी २०१९ साली मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. याचा अर्थ खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी आहे, असा नाही. पण झोप, अभ्यास, मित्र, घरची माणसे या सर्वांवर खेळाने मात केली आणि मनात असूनही थांबता येईना, तर तो छंद राहिला नाही. मग तुम्ही खेळत नसता. खेळच तुम्हांला खेळवत असतो.

या छंदाची आणखी एक पायरी आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे, खेळणाऱ्याने स्वतःला विचारणे, "असा खेळ मला रचता येईल का?" पोलंडमधील निर्मात्यांनी आपल्याच देशाचे लेखक आंजेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून 'द विचर' हा खेळ केला. तो २००७ साली आला आणि त्याचे पुढचे भाग जगभर खेळले गेले. चीनमध्ये २०२४ साली 'ब्लॅक मिथ : वुकाँग' आला. त्याचा आधार सोळाव्या शतकातली एक चिनी कादंबरी आहे. धर्मग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेल्या भिक्षूची आणि त्याच्या सोबतच्या वानराची ती गोष्ट. इतिहासात तुम्ही ज्या ह्यूएनत्संगाविषयी वाचता, त्याच्याच प्रवासावरून ती रचली गेली.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते, अशी त्याची कथा आहे. आरंभी, २०१७ साली, लोकांकडून वर्गणी जमवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पण त्यांनी काम सोडले नाही.

मग सिंधुदुर्गात काय कमी आहे? मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला किल्ला उभा आहे. त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा कोठे आहे, ते कळत नाही. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. संकासुराची काळी टोपी आहे, गंजिफ्याचे राजे आणि प्रधान आहेत. त्यांत तुमच्या भाषेतला अमर अय्यार आपली जंबील घेऊन येऊन बसला, तर परदेशातून नायक मागवण्याची गरज उरणार नाही. त्यासाठी लगेच संगणकही नको. एक वही, चार मित्र आणि फासे एवढ्यावरही खेळ रचता येतो. १९७४ साली तो तसाच रचला गेला होता.

तेव्हा मित्रांनो, जरूर खेळा. पण रोज यंत्र बंद केल्यावर स्वतःला एवढेच विचारा : आज मी कोणता नवा शब्द, कोणती नवी युक्ती किंवा कोणती नवी कल्पना बरोबर आणली? सांगण्यासारखे काही असेल, तर छंद चांगला चालला आहे. काहीच नसेल, तर आज फक्त नायकच मोठा झाला, असे समजा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दशावतारी गंजिफ्यात एकूण किती पाने असतात?
(आ) अमर अय्यारच्या झोळीचे नाव काय?
(इ) सिंधुदुर्ग किल्ल्यातील विहिरींची नावे कोणती?

२. कारणे लिहा.
(अ) दशावतारातील नटाला हजरजबाबी असावे लागते.
(आ) बेल्जियममध्ये खेळांतील बंद पेट्यांना जुगार ठरवण्यात आले.

३. 'मग तुम्ही खेळत नसता. खेळच तुम्हांला खेळवत असतो,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. लेखकाचे मत तुम्हांला पटते का? आठ ते दहा ओळींत लिहा.

५. पाठात आलेले उर्दू-फारसी शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.