आधी मीटर लावा, मग बॅटरीचं बोला

उन्हाळा सरला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या माजरीत रोज एक वाक्य कानावर पडतं : "भाऊ, बॅटरी गेली वाटते जी." मी इथे गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. सकाळी सेल्फ घेतला नाही की मालक बॅटरीला दोष देतो, आणि पुष्कळदा मेकॅनिकही मीटर न लावता मान डोलावतो. साडेतीन-चार हजार रुपये जातात. पंधरा दिवसांनी तीच गाडी पुन्हा धक्का मारून सुरू करावी लागते. न मोजता बॅटरी बदलायला सांगणं ही आमच्या धंद्यातली वाईट सवय आहे आणि ती मोडली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो.

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, तरी खाणीच्या कॉलन्यांत ती अजून दिसते. निवृत्त माणसाने जपलेली ती एकच गाडी असते. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर वरोऱ्याला किंवा चंद्रपूरला त्याच गाडीने निघायचं असतं. अशा वेळी सेल्फचा नुसता 'टक' असा आवाज येणं काय असतं, ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल.

आमच्या भागात बॅटरी लवकर मरते हे खरं आहे. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा 46-47 अंशांवर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडतं, आतल्या प्लेटा कुजतात आणि उन्हाळ्यात झालेली इजा पुढे पावसाळ्या-हिवाळ्यात उघडी पडते. त्यात कोळशाच्या ट्रकांची धूळ. ती बॅटरीच्या डोक्यावर ॲसिडच्या ओलीत चिकटून बसते आणि एका टर्मिनलकडून दुसरीकडे करंट झिरपत राहतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून बॅटरी वरून पुसा, फक्त झाकणांतून आत थेंब जाऊ देऊ नका. हे काम घरीही होतं.

पण बॅटरीवर आळ येणाऱ्या कितीतरी गाड्यांत दोष दुसरीकडेच असतो. एका 800 च्या मालकाने वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या होत्या. सेल्फ मारताना बॅटरीवर 11 व्होल्ट दिसत होते, म्हणजे बॅटरी धडधाकट. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारायला लावला. तिथे तीन व्होल्ट निघाले. चांगल्या अर्थिंगवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. आधी कुठेतरी क्लचचं काम झालं होतं आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी परत बसवलीच नव्हती. सेल्फचा सगळा करंट क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता. हात लावला तर केबल तापलेली. नवी पट्टी लावली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेलेच.

तीन-चारशे रुपयांचं डिजिटल मीटर कुणालाही वापरता येतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 च्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी, पण रिकामी म्हणजे खराब नव्हे. भरलेली असूनही सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र बॅटरीच थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवं. साडेबारावरच अडकलं तर डायनमो चार्ज करत नाही. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवणार.

डायनमो चार्ज करत नाही म्हणजे लगेच डायनमो बदला, असंही नाही. बेल्ट सैल असतो, कार्बन झिजलेले असतात. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरची बॅटरीची लाल लाइट लागते का, हे आधी बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनमोला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की डायनमो जागाच होत नाही. काही रुपयांच्या बल्बपायी लोकांनी आख्खे डायनमो बदलले आहेत. आणि सगळे आकडे ठीक असूनही बॅटरी रातोरात उतरत असेल, तर मागाहून बसवलेला टेप किंवा डिकीची लाइट तपासा. सगळं बंद असताना 50 मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त करंट जाता कामा नये.

एक रीत मात्र ताबडतोब बंद व्हावी. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी चालू राहिली तर डायनमो चांगला म्हणायचं. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळतो आणि डायनमोचे डायोड उडू शकतात. इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. जुन्या उस्तादांविषयी मला आदर आहे, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. पण कुणी असं करायला लागलं तर त्याचा हात धरा.

विनाकारण काढलेल्या प्रत्येक बॅटरीसोबत शिसंही बाहेर पडतं. उघड्यावर बॅटरी फोडून शिसं वितळवलं तर त्याचं विष आजूबाजूच्या लेकरांच्या अंगात जातं. 2022 च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करून रीसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानात जमा करा.

गाडीमालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी बॅटरी बदलायला सांगितली, तर बिलावर तीन आकडे लिहून मागा : उभ्या गाडीचा व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा आणि इंजिन चालू असतानाचा. जो आकडे लिहून देत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.